वाचकांचे प्रश्न : जुन्या खाणावळीच्या दारात

प्रश्न : आम्ही सहा मित्र महाविद्यालयापासूनचे, आता सगळेच पन्नाशी ओलांडलेले. गेल्या डिसेंबरात मालवणला गेलो होतो. सिंधुदुर्ग किल्ला पाहून बाजारपेठेतल्या एका नावाजलेल्या, तीन पिढ्या चालत आलेल्या खाणावळीत पोहोचेपर्यंत पावणेतीन वाजले. मालकीणबाईंनी 'मासे संपले' असे सांगितले. आम्ही फारच आग्रह केला तेव्हा त्यांनी सार-भात, लोणचे आणि सोलकढी वाढली. एका मित्राने 'एवढ्या लांबून आलो' म्हणून आवाज चढवला, दुसरा न विचारता स्वयंपाकघरात शिरून मोबाइलवर चित्रण करू लागला, आणि बाहेर पडल्यावर दोघांनी गाडीत बसूनच त्या खाणावळीला ऑनलाइन अभिप्रायात एक तारा देऊन टाकला. मला स्वतःला ते जेवण आवडले, पण मित्रांपुढे तसे बोलता आले नाही. चूक नेमकी कोणाची? पुन्हा जायचे झाले, तर काय करावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : चूक वेळेची झाली, आणि वेळ पाळणे तुमच्या हातात होते. मालकीणबाईंच्या वागण्यात मला तरी काही वावगे दिसत नाही. उलट, अशा घरगुती खाणावळींत गिऱ्हाइकांची पंगत उठल्यावर घरची माणसे जेवायला बसतात, हे लक्षात घेतले, तर पावणेतीन वाजता तुमच्या ताटात पडलेले सार बहुधा घरच्यांसाठी बाजूला काढलेल्या टोपातले असावे. ज्याला तुमच्या मित्रांनी एक तारा दिला, ते एका कुटुंबाने आपल्या वाटणीतून वाढलेले जेवण असण्याची शक्यता फार मोठी आहे.

हे मी नुसत्या अंदाजाने लिहीत नाही. वेंगुर्ल्याच्या बाजूला अशाच एका जुन्या खाणावळीत एकदा सकाळी आठपासून बसून राहण्याचा योग मला आला होता. मालकीणबाई दारातल्या बाकावर बसून आधी माणसे मोजत होत्या : महिन्याचे मेंबर किती, कोर्टकचेरीतून येणारे किती, आदल्या दिवशी फोन करून सांगितलेले किती आणि वाटसरू धरून चालायचे किती. तो आकडा ठरल्यावर मापट्याने तांदूळ मोजला गेला. मग बाजारातून मासळीची टोपली आली, ती परसात नेऊन साफ झाली आणि तुकड्यांची मोजणी झाली. तोपर्यंत आतल्या बाजूला विळीवर नारळ खवून झाले होते आणि धणे, सुक्या मिरच्या, हळद घालून वाटपाचा पहिला घाणा मिक्सरमधून निघाला होता. पूर्वी हेच काम पाट्यावर होत असे आणि तो पाटा अजून मागच्या पडवीत भिंतीला टेकवून ठेवलेला आहे. साडेअकराला साराला उकळी आली, त्यात ठेचलेली तिरफळे आणि आमसुले पडली, आणि मासे मात्र अगदी शेवटी सोडले गेले, कारण बांगडा साराच्या उकळीत जास्त वेळ राहिला तर तो मोडतो आणि सारही उतरते.

एवढे पाहिल्यावर 'मासे संपले' या दोन शब्दांचा अर्थ कळतो. शहरातल्या मोठ्या हॉटेलात शीतपेटीत चार दिवसांचा साठा असतो आणि तयार वाटपाचे डबे भरलेले असतात, त्यामुळे तेथे दुपारी चारलाही सुरमई मिळते. जुन्या खाणावळीत साठा ठेवण्याची रीतच नसते. सकाळी मोजले तेवढे शिजते, आणि ते संपले की पंगत संपते. त्या जेवणाला जी चव आहे, तिचे मूळ याच मोजणीत आहे, आणि म्हणूनच चव हवी पण मोजणी नको, असे आपल्याला म्हणता येत नाही.

आता पुन्हा जाण्याविषयी. आदल्या दिवशी संध्याकाळी फोन करून किती माणसे आणि किती वाजता हे सांगावे, आणि सांगितलेली संख्या पाळावी. सहा सांगून चारच जण गेलात, तर दोन माणसांचा मासा त्या घराच्या माथी पडतो. साडेबारा ही चांगली वेळ आहे. किल्ल्यावर जायचे असेल, तर सकाळची पहिली होडी धरावी. किल्ला 1664 साली बांधायला घेतला गेला आणि तो तुमच्यासाठी दिवसभर तेथेच आहे, पण तव्यावरचा मासा तसा थांबत नाही. तळायच्या माशाला रवा लावून तव्यावर दोन्ही बाजूंनी मंद आचेवर परतावे लागते, आणि घरगुती बिडाच्या तव्यावर एका वेळी पाच-सहा तुकडेच नीट मावतात. त्यामुळे दहा-बारा जणांची टोळी एकदम आली, की पहिल्याचे जेवण संपत आले तरी शेवटच्याचा तुकडा तव्यावर चढलेला नसतो. गट मोठा असेल, तर चौघाचौघांनी अर्ध्या तासाच्या अंतराने बसावे, किंवा अर्ध्यांनी सारातला मासा आणि अर्ध्यांनी तळलेला घ्यावा. मी स्वतः नेहमी पहिली वाट स्वीकारतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, यादी ठरवून जाऊ नये. 'आज काय आहे?' एवढेच विचारावे. मालवणीत सरळ उत्तर मिळते : 'आज सुरमय गावली नाय, पेडवे आसत, ताजे.' असे सांगणाऱ्या माणसाने तुमच्याशी प्रामाणिक व्यवहार केलेला असतो, आणि त्या दिवशी पेडवेच खावेत. पेडवे, तारली, बांगडा यांसारख्या तेलकट मासळीच्या सारातच तिरफळाला खरा वाव मिळतो. पापलेट-सुरमईच्या हट्टापायी कित्येक प्रवासी हा स्वाद न घेता परत जातात याचे मला मनापासून वाईट वाटते. (तिरफळ चावून खायचे नसते. ते ताटाच्या कडेला काढून ठेवावे, नाहीतर जीभ बराच वेळ बधिर होते.)

स्वयंपाकघरातल्या चित्रणाबद्दल मात्र तुमच्या मित्राला स्पष्ट शब्दांत सांगायला हवे. पुष्कळ जुन्या खाणावळींत स्वयंपाकघर आणि घर यांच्यात फक्त एका पडद्याचे अंतर असते, तेथे घरातल्या बायका काम करत असतात, कोणी म्हातारे माणूस खाटेवर पडलेले असते. विचारले तर बहुतेक जण आनंदाने आत बोलावतात आणि चार गोष्टी समजावूनही सांगतात. न विचारता आत जाणे म्हणजे परक्याच्या माजघरात शिरणे होय. त्या एका ताऱ्याबद्दल सांगायचे, तर दिलेला अभिप्राय बदलता येतो. उशिरा पोहोचल्यावरही सार-भात मिळाला, एवढे खरे वाक्य तुम्ही स्वतःच्या नावाने लिहिलेत, तर तेथे जाणाऱ्या पुढच्या प्रवाशाला वेळेची कल्पना येईल आणि त्या घरावरचा अन्यायही थोडा दूर होईल.

प्रश्न : आम्हा मैत्रिणींचा दरवर्षी कोकणात जाण्याचा परिपाठ आहे. हल्ली महामार्गावर दर दोन-चार किलोमीटरला 'पारंपरिक', 'ऐतिहासिक', 'आजीच्या हातचे' अशा पाट्या दिसतात. कंदील, बैलगाडीचे चाक, मातीची भांडी मांडलेली असतात आणि जेवण मात्र सगळीकडे एकाच चवीचे लागते. खरोखर जुने ठिकाण ओळखायचे कसे, आणि ते सापडत का नाही?
— एक वाचिका, डोंबिवली

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यातूनच पहिल्याचे मिळते. तुम्ही महामार्गावर शोधता, आणि जुन्या खाणावळी महामार्गासाठी उभ्या राहिलेल्याच नव्हत्या.

कोकणातला जुना प्रवास समुद्रातून होत असे. मुंबईहून निघालेली आगबोट दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत दक्षिणेकडे जाई. पुष्कळ ठिकाणी बोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावातून किनाऱ्याला येत. बोट लागायची वेळ अनेकदा रात्रीची किंवा पहाटेची असे, आणि पुढे बैलगाडीने किंवा पायी गाव गाठायचे असे. अशा माणसाला दोन घास गरम मिळण्याची सोय म्हणून बंदरापासून चालत जाण्याच्या अंतरावर खाणावळी निघाल्या. पुढे 1948 साली राज्यात एसटीची सेवा सुरू झाली आणि हळूहळू ती कोकणातल्या गावांपर्यंत पोहोचली, तशी खाणावळींची दुसरी फळी स्टँडांच्या आसपास उभी राहिली. तिसरी जागा कचेरीजवळची : तारखेसाठी आलेले पक्षकार, बदलीवर आलेले एकटे कारकून, शाळामास्तर यांच्यासाठी. बंदर, स्टँड आणि कचेरी या तीन ठिकाणांच्या मधली बाजारपेठ पायी फिरून पाहिलीत, तर जुनी खाणावळ सापडण्याची शक्यता कितीतरी वाढते.

नंतर रस्ते आणि रूळ यांनी गिऱ्हाईक हलवले. 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, पण तिची स्थानके बहुतेक ठिकाणी जुन्या बंदरगावांपासून आत, डोंगराकडे आहेत. मालवणला जायचे तर आजही कुडाळ, सिंधुदुर्गनगरी किंवा कणकवलीला उतरून पुढे रस्त्याने जावे लागते. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग 17, म्हणजे आजचा 66, चौपदरी होताना अनेक गावांच्या बाहेरून किंवा डोक्यावरून गेला. ज्या वळणावर गाड्या आपोआप थांबत, तेथे आता कोणी थांबत नाही. मुद्दाम गाडी वळवून आत येणारा प्रवासीच त्या खाणावळीला उरला आहे, आणि म्हणून तुमच्यासारख्या दरवर्षी जाणाऱ्या मैत्रिणींचे पाऊल तेथे पडणे मला फार मोलाचे वाटते. सिंधुदुर्ग किल्ला संरक्षित स्मारक आहे, त्याची डागडुजी सरकारी खर्चाने होते. शंभर वर्षे चाललेल्या खाणावळीला असे कोणतेही कवच नाही. तिचे छप्पर शाकारायचे की नाही, हे रोजच्या गल्ल्यावर ठरते, आणि पुढच्या पिढीतल्या मुलीला किंवा मुलाला चुलीपुढे उभे राहावेसे वाटते की नाही, यावर तिचे आयुष्य ठरते.

ओळखण्याची खूण विचाराल, तर मी पाटीवरच्या सालाकडे पाहत नाही. दुपारी एक वाजता आत कोण बसले आहे, ते पाहतो. बँकेतले लोक, एसटीचे वाहक-चालक, न्यायालयातले शिपाई, औषधाच्या दुकानातला मुलगा असे गावातले लोक न बोलता आपापल्या जागेवर येऊन बसत असतील आणि त्यांना 'काय वाढू?' असे कोणी विचारतही नसेल, तर ते ठिकाण जुने आहे. दुसरी खूण फळ्याची : खडूने लिहिलेली यादी छोटी असते, आणि त्यातली एक-दोन नावे दुपारपर्यंत पुसलेली असतात. जेथे छापील यादीत बारा प्रकारची मासळी बाराही महिने आहे, तेथे इतिहास असलाच तर भिंतीवर आहे. तिसरी खूण सोलकढीची. आगळ (कोकमाचा घट्ट रस) आणि नारळाचे ताजे दूध यांची सोलकढी फिकट गुलाबी असते आणि थोडा वेळ ठेवली की वरचे दूध आणि खालचे पाणी वेगळे दिसू लागते, त्यामुळे वाढताना ती पळीने ढवळावी लागते. भडक गुलाबी, दिवसभर एकजीव राहणारी सोलकढी दिसली, की मी ताकावर समाधान मानतो.

कंदील आणि बैलगाडीच्या चाकावर माझा राग नाही. नव्या ठिकाणीही चांगले जेवण मिळू शकते, आणि तसे मी खाल्लेही आहे. मात्र, जुन्या खाणावळीत जुने काय टिकले आहे ते पाहायचे असेल, तर वस्तूंपेक्षा वाढण्याच्या पद्धतीकडे लक्ष द्यावे. काही ठिकाणी पहिला भात सारासाठी आणि दुसरा भात सोलकढीसाठी वाढतात, आणि दुसरा भात नको म्हटले तर वाढणाऱ्याचा चेहरा खरोखर उतरतो.

प्रश्न : आमच्या आठ जणांच्या गटात दोघे पूर्ण शाकाहारी आहेत. मासे खाणाऱ्यांच्या ताटाचा दर त्यांच्या ताटाच्या दुप्पट असतो, पण हिशेब मात्र सगळ्यांचा समान होतो. ते दोघे बोलत नाहीत, तरी मला खटकते. शिवाय बिलातल्या कराबद्दल आणि सेवा शुल्काबद्दलही प्रत्येक ठिकाणी वेगळा अनुभव येतो.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुम्हाला खटकते, ते योग्यच आहे. समान वाटणीची सोय प्रवासाच्या गाडीखर्चाला आणि खोलीभाड्याला ठीक आहे. ताटाचा दर फळ्यावर स्वतंत्र लिहिलेला असतो, त्यामुळे ज्याने त्याने आपल्या ताटाचे द्यावे, आणि हे जेवायला बसण्याआधी तुम्ही स्वतः बोलून टाकावे, म्हणजे त्या दोघांवर संकोचाची वेळ येणार नाही.

मात्र त्याहून महत्त्वाची बाब अशी, की मत्स्याहारी खाणावळीत शाकाहारी माणसाला निव्वळ वरण-भातावर बसवणे हा त्याच्या प्रवासावर अन्याय आहे. आदल्या दिवशी फोन करताना दोन ताटे शाकाहारी हवीत हे सांगितलेत, तर काळ्या वाटाण्याची उसळ, फणसाची किंवा केळफुलाची भाजी, कुळथाची पिठी, आंबोळ्या किंवा घावने असे काहीतरी खास त्यांच्यासाठी होऊ शकते. पळी आणि तवा वेगळा आहे का, हेही तेव्हाच विचारून घ्यावे. चालत नसेल, तर भांडत न बसता त्या दोघांनी गावातल्या शाकाहारी उपाहारगृहात जेवावे आणि संध्याकाळी सगळ्यांनी किनाऱ्यावर एकत्र चहा घ्यावा. आमच्या गटात वर्षानुवर्षे असेच चालते आणि त्यामुळे मैत्रीत काही उणे आलेले नाही.

कराचे थोडक्यात सांगतो. साध्या उपाहारगृहाच्या बिलावर जीएसटी 5 टक्के असतो. ज्या लहान व्यावसायिकांनी कंपोझिशन योजना (उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याची सोपी पद्धत) घेतली आहे, त्यांना गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही आणि तसे बिलावर लिहावे लागते. ज्यांची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली आहे, त्यांच्या बिलावर कर नसतोच. म्हणून दोन शेजारच्या खाणावळींची बिले वेगळी दिसतात, आणि त्यात फसवणूक असतेच असे नाही. सेवा शुल्क मात्र ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते बिलात आपोआप लावता येत नाही, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना कायम ठेवल्या. कोणी लावलेच, तर काढून टाकण्यास सांगावे, आणि ऐकले नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. जुन्या खाणावळीत मी सेवा शुल्क कधी पाहिलेले नाही. तेथे वाढणाऱ्या मुलाच्या हातात आपणहून काही द्यावे, आणि ते रोख द्यावे. मोबाइलवरून पैसे देण्याची सोय आता जवळपास सगळीकडे असली, तरी किनाऱ्यालगत नेटवर्क जाते-येते, आणि आठ जण हात धुऊन फोन उंचावत उभे राहिले की मागच्या पंगतीची जागा अडते.

प्रश्न : आम्हा चार मैत्रिणींना सुट्टी जुलैतच मिळते. पावसाळ्यात जुन्या खाणावळीत जाण्यात अर्थ आहे का? ताजे मासे नसतात असे सगळे सांगतात.
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : अर्थ आहे, पण वेगळ्या जेवणासाठी. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस मासेमारीबंदी असते, कारण हा अनेक माशांचा विणीचा काळ आहे आणि समुद्रही खवळलेला असतो. त्यामुळे जुलैत तुमच्या ताटात सुरमई आली, तर ती बहुतेक शीतगृहातली किंवा लांबून आणलेली असते, आणि प्रामाणिक खाणावळवाले ते स्वतःहून सांगतात. या दिवसांत खाडीतली आणि नदीची मासळी थोडीफार मिळते. तिसऱ्या (शिंपल्या) किंवा खाडीची कोळंबी फळ्यावर दिसली, तर ती सोडू नये.

खरा पावसाळी मेनू उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या वस्तूंचा असतो. सोडे (सुकवलेली कोळंबी) घातलेली वांग्याची भाजी, सुक्या बांगड्याचे किसमूर, सुकट घातलेली भाकरीबरोबरची चटणी, भाजलेले बोंबील आणि बरोबर गरमागरम कुळथाची पिठी, हे जेवण बाहेर धो धो पाऊस पडत असतानाच खावे. टाकळा, फोडशी, अळू या रानच्या आणि परसातल्या भाज्याही याच दिवसांत असतात. मला विचाराल, तर कोकणातले घर वर्षभर कसे चालते, हे डिसेंबरातल्या भरल्या ताटापेक्षा जुलैतल्या या ताटात जास्त स्पष्ट दिसते. गर्दी नसल्यामुळे मालकीणबाईंना तुमच्याशी बोलायला वेळही असतो, आणि सोडे निवडता निवडता त्या सहज चार जुन्या आठवणी सांगतात.

दोन अडचणी मात्र ध्यानात ठेवा. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या पावसाळ्यात बंद असतात, त्यामुळे मालवणचा दिवस बाजारपेठ आणि किनारा यांवरच आखावा लागेल. दुसरे असे, की श्रावण लागला की गावातली बरीच मंडळी मासे सोडतात, महिन्याचे मेंबर कमी होतात, आणि काही खाणावळी त्या दिवसांत डागडुजीसाठी बंद असतात किंवा फक्त शाकाहारी जेवण करतात. सोमवारी आणि गुरुवारीही अनेक घरांत मासे शिजत नाहीत. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात निघणार असाल, तर पंचांगात श्रावणाची तारीख पाहून घ्या आणि आदल्या दिवशी फोन करताना सुरमईची चौकशी न करता चार माणसांसाठी उद्या काय शिजणार आहे, एवढेच विचारा.